क्लोविसच्या तळघरातली ठिणगी

लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात क्लोविस सिरवाने बायकोला बजावलं होतं, "घर तुझं, तळघर माझं." बोलला हसत, पण बोलला ते खरंच. तळघरात तेलाची टाकी होती, गरम हवेची भट्टी होती, भट्टीच्या तोंडाशी तेल फवारून पेटवणारा बर्नर होता. आणि क्लोविस तर नदीकाठच्या साऱ्या वस्त्यांचा बर्नरवाला. कुणाची भट्टी विझली की त्याला बोलावणं यायचं. नाताळच्या ताटावरून तो उठून गेलेला आहे. स्वतःच्या लेकीच्या बाप्तिस्म्याला उशिरा पोचला, तेही कानामागे काजळी घेऊन. चर्चमधून निघताना बायका अल्वीनला म्हणायच्या, "तुझं बरंय बाई, तुझं घर काही गार पडायचं नाही."

आणि ते कधी पडलंही नाही. क्लोविसला त्याचा भारी तोरा होता. सासूच्या वेळची लाकडाची शेगडी त्याने स्वतःच्या हाताने उपटून भंगारात घातली. अल्वीन म्हणाली, "राहू दे की रे एका कोपऱ्यात. अडीअडचणीला होईल."

"बर्नरवाल्याच्या घरात लाकडाची शेगडी? लोक शेण घालतील माझ्या तोंडात!"

विजेचा हीटरही त्याने कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही.

मग एका शरदात, शेतांतून बटाटे निघत होते तेव्हा, कुणाच्या तरी तळघराच्या पायऱ्या चढताना तो कोसळला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. शब्द सगळे गेले, एक तेवढा राहिला. तो म्हणजे 'मंगळवार'. का, ते डॉक्टरलाही सांगता आलं नाही. भूक लागली तरी मंगळवार, पाठ खाजली तरी मंगळवार, लेकीचा फोन आला तरी डोळ्यांत पाणी आणून मंगळवार. डोकं शाबूत होतं, कान तर पूर्वीपेक्षा तिखट झाले होते. कोणता मंगळवार पाण्यासाठी आणि कोणता उशीसाठी, हे अल्वीनला हळूहळू सुरावरून कळायला लागलं. कधी चुकायची. मग तो डावी मूठ खुर्चीवर आपटायचा आणि दोघंही रडकुंडीला यायची.

त्या फेब्रुवारीत वादळ आलं, त्या सकाळी अल्वीन जागी झाली ती नाकाच्या शेंड्याला गारठा झोंबल्याने. जमिनीवर पाय ठेवला तर फरशी बर्फासारखी. गरम हवेच्या जाळीशी हात धरला, तर वारा नाही. खिडकीबाहेर नदी दिसत नव्हती, पलीकडचा कॅनडा दिसत नव्हता, अंगणातलं सफरचंदाचं झाडसुद्धा दिसत नव्हतं. नुसतं पांढरं काहीतरी आडवं धावत होतं.

तिने क्लोविसला उठवलं, दोन स्वेटर चढवले, गोधड्यांत गुंडाळून स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसवलं. ओव्हन नाताळपासून बिघडलेला. वरच्या दोन विजेच्या चकत्या तेवढ्या तापायच्या, त्यांवर तिने पाण्याची पातेली चढवली आणि तळघरात उतरली.

भट्टीबद्दल तिला एकच गोष्ट माहीत होती. बर्नरवर एक लाल बटण असतं, ते दाबायचं. तिने दाबलं. मोटर घुर्र करून सुरू झाली, पंखा फिरला, तेलाचा भपकारा आला, आणि थोड्या वेळाने खट्‌ होऊन सगळं शांत. परत दाबलं. परत तेच. वरून क्लोविसची काठी आपटल्याचा आवाज येत होता. त्याला बाथरूमला जायचं असेल, असं तिला वाटलं. "आले रे, आले!" म्हणत तिने आणखी दाबून पाहिलं. काठी आणखी जोरात. शेवटी ती धापा टाकत वर आली.

"काय हवंय?"

"मंगळवार! मंगळवार! मंगळवार!" त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. तो डाव्या हाताने हवेत काहीतरी तोडून टाकल्यासारखं करत होता.

तिने भाच्याला फोन लावला. लेआंद्र हा तिच्या थोरल्या बहिणीचा मुलगा. क्लोविसच्या हाताखाली शिकला आणि आता त्याचीच सगळी घरं सांभाळत होता. राहायला मात्र खोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला.

"मावशी, रस्ता बंद आहे. बर्फ ढकलणारी गाडीच खड्ड्यात कलंडलीय. माझा ट्रक कुठे उभा आहे ते मलाच दिसत नाहीये. सांग, काय होतंय?"

तिने सांगितलं.

"बटण किती वेळा दाबलंस?"

"पाच-सहा... जास्तही असेल."

तो म्हणाला, "आता त्या बटणाला हात लावलास ना, तर तिथे येऊन तुझे हात बांधीन. दर वेळी तेल आत फवारलं गेलंय आणि पेटलं नाहीये. सगळं तळाशी साचलंय. आता ठिणगी पडली तर भट्टीचं दार तुझ्या तोंडावर येईल."

"अरे देवा! म्हणून हा काठी आपटत होता."

"काकाला वरून ऐकू येतंय सगळं. मोटरच्या आवाजात एक करकर असते, ठिणगीची. ती येत नसणार. त्याला तेव्हाच कळलं असेल."

तिने वळून पाहिलं. क्लोविसने मान डोलावली आणि डोळे मिटले.

लेआंद्र म्हणाला, की अग्निशमन दलाच्या पोरांना तो कळवतो, पण रस्ता मोकळा होईपर्यंत तेही यायचे नाहीत. "काकाला किती वेळ निभेल?" त्याने विचारलं.

क्लोविसचे ओठ निळसर दिसत होते. उजवा हात तर आता दगडासारखा गार. डॉक्टरने सांगून ठेवलं होतं, याला थंडी बाधू देऊ नका, छातीत उतरली तर निघायची नाही. "नाही निभायचं," अल्वीन हळूच म्हणाली.

"मग तुलाच करावं लागेल. ऐक नीट."

ती टेलिफोनच्या दोरीला बांधल्यासारखी उभी राहिली आणि तो सांगत गेला. आधी वीज बंद, तेलाचा नळ बंद. भट्टीच्या झरोक्यातून चिंध्या घालून साचलेलं तेल टिपून घे. मग बर्नरच्या वरचा चौकोनी डबा, तो ट्रान्सफॉर्मर, मागे उलटव. खाली नळीत दोन लोखंडी कांड्या दिसतील, चिनीमातीच्या नळकांड्यांत बसवलेल्या. त्यांच्या टोकांमध्ये ठिणगी उडते. तेलाच्या नळीचा नट सोडव आणि सगळं बाहेर ओढ. चिनीमातीला चीर गेली असेल तर ठिणगी वाटेतच पळून जाते. नव्या कांड्या काकाच्या हत्यारांच्या खणांत असतील. "टोकांमधलं अंतर पाच सेंटची दोन नाणी एकावर एक ठेवून मोज. आणि नॉझलच्या, तेल उडतं त्या तोंडाच्या, वर किती ठेवायचं, तर..."

एवढ्यात फोन मेला.

तिने खटके मारले, हॅलो हॅलो केलं. आत घोंघावण्याखेरीज काही नव्हतं. तार तुटली असणार. अल्वीन रिसीव्हर तसाच धरून उभी राहिली. आयुष्यात इतकं एकटं तिला कधीच वाटलं नव्हतं. आणि तेही नवरा दोन हातांच्या अंतरावर बसलेला असताना.

"मंगळवार," क्लोविस म्हणाला. त्याचा अर्थ तिला कळला नाही.

तळघरात तिने लेकीची जुनी हॉकीची काठी शोधली, तिला टॉवेल गुंडाळला आणि झरोक्यातून आत घातला. टॉवेल निथळत बाहेर आला. दुसरा घातला, मग चादर फाडून घातली. बोटं बधिर झाली होती. नट सोडवताना पाना निसटला आणि बोटांची सालटी निघाली. शेवटी नळी बाहेर आली, तेव्हा बॅटरीच्या उजेडात तिला दिसलं. एका नळकांड्यावर केसाएवढी काळी रेघ होती.

क्लोविसच्या खणांत नव्या कांड्या मिळाल्या. ते सगळं ताटात घालून ती वर आली आणि त्याच्या मांडीवर ठेवलं.

त्याने डाव्या हाताने नळी उचलली. नॉझलचं तोंड पाहिलं, फुंकर मारली. जुन्या कांड्या त्याने बोटाने झिडकारल्या. नवी कांडी उचलली आणि थांबला. एका हाताने धरायची आणि त्याच हाताने स्क्रू कसा आवळायचा? त्याने दोनदा प्रयत्न केला. स्क्रू जमिनीवर पडला. तेव्हा क्लोविस सिरवा, ज्याने अंधारात नुसत्या स्पर्शाने असले शेकडो स्क्रू आवळले होते, तो तोंड वाकडं करून लहान मुलासारखा रडायला लागला.

"रडतोस काय? तू दाखव, मी आवळते," अल्वीन म्हणाली. "माझे हात आहेत ना दोन."

ती गुडघ्यांवर बसली. दोन नाणी एकावर एक ठेवली. कांड्यांची टोकं नॉझलच्या वर किती हवीत, ते त्याने अंगठ्याचं नख आडवं लावून दाखवलं. तिने जास्त ठेवलं की तो "मंगळवार!" म्हणून खेकसायचा. पूर्वी हाताखालच्या पोरांवर असाच खेकसायचा, म्हणे. तिने ते कधी पाहिलं नव्हतं.

"खेकसू नकोस. मी काही तुझ्याकडे पगारावर नाही."

त्याच्या तोंडाची डावी बाजू हसली.

सगळं जागेवर बसवून तिने वीज लावली आणि एकदाच लाल बटण दाबलं. मोटर फिरली. तिने जीव कानांत आणला. घुर्रघुर्र होती, करकर नव्हती. वरून काठी आपटली, आणि या वेळी तिने ताबडतोब बंद केलं.

ती वर आली तेव्हा क्लोविसने हवेत चौकोनी डबा काढून दाखवला, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच गेला होता. आणि तो खणांत मिळण्यातला नव्हता. क्लोविस काढलेले जुने डबे अंगणापलीकडच्या खोपटात फेकून ठेवायचा. त्यातले चांगले कुठले आणि मेलेले कुठले, ते त्यालाच ठाऊक.

अल्वीनने कपडे वाळत घालायची दोरी कमरेला बांधली, दुसरं टोक दाराच्या कडीला. क्लोविसच्या डोळ्यांत पाहिलं. "मी जाऊन येते. जागचा हलू नकोस. ऐकलंस?"

"मंगळवार," तो म्हणाला. तिने तो होकार धरला.

बाहेर वाऱ्याने तिचा श्वासच काढून घेतला. बर्फ मांड्यांपर्यंत आलेला. कधी फावड्याने, कधी छातीने रेटत ती पुढे सरकत होती, आणि संत ॲनला विनवत होती. विनवत कसली, भांडतच होती. "आई, तुला मी काय कमी केलं? दर वर्षी तुझ्या नऊ दिवसांच्या नवेनाला येते ना? मग दार तरी सापडू दे." दार सापडलं, पण ते गोठून बसलं होतं. तिने फावड्याने ठोकून ठोकून फट पाडली. आत हाताला लागले ते तीन डबे पोत्यात घातले. एकेक विटेहून जड. परत येताना ती दोनदा पडली. दुसऱ्यांदा पडली तेव्हा बर्फ मऊ आणि उबदार वाटला. जरा पडून राहावं, असा विचार मनात आला आणि त्याच विचाराच्या भीतीने ती उठली.

स्वयंपाकघरात खुर्ची रिकामी होती. गोधड्या जमिनीवर, आणि तळघराचं दार उघडं.

"क्लोविस!"

तो पायऱ्यांवर होता. ढुंगणावर बसून, डाव्या हाताने कठडा धरून, मेलेला पाय पुढे ढकलत एकेक पायरी घसरत तो जवळजवळ खाली पोचला होता. कपाळ फुटून रक्ताचा ओघळ आला होता. वर खुर्चीत निदान गोधड्या होत्या, चुलीवर पाणी उकळत होतं. या थंडगार विहिरीतून आता त्याला वर कोण काढणार? शंभर किलोचा गडी आणि ती चिमणीएवढी बाई!

जन्मात कधी ओरडली नव्हती अशी ती ओरडली. "मूर्खा! गाढवा! मरायचंय तुला? तळघर तुझं ना? मग मर इथेच! मीही मरते, म्हणजे लेकीला एकदाच यावं लागेल!"

तिचं ओरडणं संपेपर्यंत तो थांबला. मग त्याने पोत्याकडे बोट केलं.

"मंगळवार." अगदी शांतपणे.

तिने अंगातला कोट काढून त्याच्या खांद्यांवर घातला, शेवटच्या पायरीवर त्याला टेकवून बसवला आणि पहिला डबा त्याच्यापुढे धरला. त्याने तो नाकाशी नेला आणि खोल श्वास घेतला. मान हलवली. तिनेही वास घेतला, तर जळक्या डांबराचा उग्र दर्प. असल्या डब्याच्या आत डांबर भरलेलं असतं, डबा जळला की ते वितळतं. दुसराही तसाच. तिसरा त्याने बराच वेळ हुंगला, उलटा करून बुडाला बोट लावलं, बोट चाटलं. मग डबा गालाशी धरून तिच्याकडे पाहिलं.

"हा?"

त्याने मान डोलावली.

तारा जोडताना तो बोटाने दाखवत होता. पांढरीला पांढरी, काळीला काळी. डबा खाली बसवताना त्याने तिचा हात पकडला आणि आपली तर्जनी वाकवून दाखवली, परत परत. तिला कळेना. "बोट दुखतंय का?" त्याने चिडून डोळे फिरवले. शेवटी तिने डब्याच्या पोटाखाली पाहिलं. दोन पितळी पट्ट्या होत्या. त्या कांड्यांना टेकायला हव्यात, म्हणजे जरा खाली वाकवायला हव्यात. तिने वाकवल्या. "असं?" त्याने डोळे मिटून घेतले, आणि ती शाबासकी आहे हे तिला कुणी सांगायला नको होतं.

झरोक्याएवढ्या खिडकीतला उजेड आता विझत चालला होता. क्लोविसचे दात वाजायचे थांबले होते, आणि हे तिला दात वाजण्यापेक्षा भयंकर वाटलं. त्याने आणखी एक खूण केली, पंपाच्या कडेचा छोटा नट. नळीत हवा शिरली होती, ती काढायला हवी. तिने तेलाचा नळ उघडला, जॅमची बरणी खाली धरली, वीज लावली, नट सैल केला. फस्स फस्स करत फेस आला, थुंकल्यासारखं तेल उडालं, आणि मग सरळ धार लागली. तिने नट आवळला.

आणि तेव्हा ती ऐकू आली. मोटरच्या घुर्रघुर्रीच्या पोटात एक बारीक, कोरडी करकर.

धडाम्‌! झरोक्याचं झाकण उडून भिंतीवर आपटलं. काळ्या धुराचा लोट तिच्या तोंडावर आला, भट्टी गदगदा हलायला लागली, पत्रा ढोलासारखा वाजायला लागला. आत उरलेलं तेल एकदम पेटलं होतं. अल्वीन किंचाळली आणि विजेच्या बटणाकडे झेपावली. क्लोविसच्या डाव्या हाताने तिचं मनगट पकडलं. त्या हातात अजून एवढी ताकद असेल असं तिला वाटलं नव्हतं.

"सोड! घर जाईल!"

त्याने सोडलं नाही. मान तिरकी करून तो ऐकत होता. बंद करावं की याच्या कानावर विसंबावं? हा तोच माणूस, ज्याला आपल्या बायकोचं नावसुद्धा घेता येत नाही. ती थांबली. धडधड हळूहळू उतरत गेली, गुरगुर झाली, गुरगुरीचा एकसारखा घोष झाला. झरोक्यात पिवळी ज्योत स्थिर उभी होती. वरच्या नळांतून पत्रा तापल्याची टकटक सुरू झाली.

त्याने मनगट सोडलं.

त्याला वर नेणं तिला शक्य नव्हतं. तिने गाद्या, गोधड्या खाली आणल्या आणि भट्टीच्या तापत्या पत्र्याशी त्याला टेकवून बसवलं. बकव्हीटच्या पिठाचे प्लॉय, धिरड्यांसारखे, होते कालचे. ते तिने भट्टीच्या डोक्यावर ठेवून गरम केले, काकवी लावून त्याला भरवले. तिचं तोंड काजळीने काळं झालं होतं. त्याने ते डाव्या हाताने पुसायला घेतलं आणि आणखी पसरवलं. रात्र दोघांनी तिथेच काढली. ती बोलत होती. शेगडीबद्दल बोलली, नाताळच्या अर्ध्या ताटांबद्दल बोलली, बाप्तिस्म्याबद्दल बोलली. इतक्या वर्षांचं साचलेलं सगळं. तो ऐकत होता, आणि कुठे जायला उठणार नव्हता.

सकाळी बर्फगाडीच्या मागोमाग लेआंद्र आणि अग्निशमनची चार माणसं आली. क्लोविसला वर उचलून नेताना लेआंद्रने वाकून भट्टीच्या पोटात पाहिलं. "मावशी, ज्योत थोडी उंच आहे."

"तुझ्या काकाला सांग."

"नको बाई, बरोबरच असेल मग."

पण छातीत थंडी उतरली होती ती उतरलीच. क्लोविसला इस्पितळात नेलं. चार दिवस बरा, चार दिवस वाईट, असं होत राहिलं, आणि नदीवरचा बर्फ फुटायच्या आधी तो गेला. जाताना अल्वीनचा हात त्याच्या हातात होता.

दफनानंतर चर्चच्या तळमजल्यावर जेवण होतं. कनेक्टिकटहून आलेली लेक रडून रडून थकली होती. तिने आईला कोपऱ्यात गाठलं. "डॉक्टर म्हणतात, बाबा तळघरात बसला म्हणून न्यूमोनिया झाला. आई, त्याला तू खाली का जाऊ दिलंस?"

अल्वीनला सांगता आलं असतं. भट्टी पेटली नसती तर दोघंही त्याच दिवशी गेलो असतो, असं सांगता आलं असतं. दोरीला बांधून मी बर्फात होते तेव्हा तो आपणहून उतरला, असंही. पण मग तिला वाटलं, उतरायला नको होतं हे लेकीचं म्हणणंही काही खोटं नाही. आपण स्वतःही त्याला त्या पायऱ्यांवर हेच ओरडून सांगितलं होतं.

"तो माझं कधी ऐकायचा, पोरी?" एवढंच ती म्हणाली, आणि लेकीच्या बशीत कोंबडीचा रस्सा वाढला, कारण पोरीने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.